हायवे पेट्रोलिंगचा ओव्हरटाइम कसा मोजावा

निपाणी-बेळगाव पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गस्तीच्या गाडीवर कंत्राटी काम करणाऱ्यांसाठी हा हिशेब आहे; पोलिसांचे सेवानियम वेगळे.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस), म्हणजे रोज ६००. भागिले ८, तासाला ७५. जादा तासाला दुप्पट, १५० रुपये. बारा तासांच्या सहा पाळ्या केल्या तर ७२ तास. आठवड्याचे नेहमीचे ४८ तास वजा जाता २४ उरतात, म्हणजे आठवड्याचे ३,६०० रुपये. त्यातून पीएफ कापत नाहीत.

पैसे बुडतात ते बहुधा पाळी संपताना. अपघात होतो, क्रेन येईपर्यंत थांबावं लागतं आणि हजेरीपटात मात्र ठरलेलीच वेळ लागते. लॉगबुकात सुटकेची खरी वेळ आणि किलोमीटर क्रमांक लिहा, पानाचा फोटो ठेवा. रजिस्टर कन्नडमध्ये असेल तर आकडे वाचून घ्या. कोऱ्या रकान्यावर सही कधीच करू नका. फरक आढळला तर ठेकेदाराला लेखी द्या, पोच घ्या, मग कामगार खात्याकडे जा.