सोलर कंपनीचं कर्ज तपासताना या चुका टाळा

सोलर पॅनल बनवणाऱ्या कंपनीचं डेट-इक्विटी गुणोत्तर (भागधारकांच्या भांडवलाच्या किती पट कर्ज आहे, ते) ०.५ दिसलं की भागधारक निर्धास्त होतात, १.५ दिसलं की घाबरतात. पण या धंद्यात मालाचा भाव वर्षभरात कोसळतो आणि कर्जाचा हप्ता जिथल्या तिथेच राहतो. म्हणून आधी पाहायचं ते हे, की भाव पडलेल्या वर्षी कंपनीला हे कर्ज झेपेल का?

चांगल्या वर्षाच्या नफ्यावर व्याज मोजणं
विक्री १००० धरा, घसाऱ्यासह खर्च ८५० आणि व्याज ५०. व्याज-करापूर्वीचा नफा १५०, म्हणजे व्याजाच्या तिप्पट. छान दिसतं. आता पॅनलचा भाव २० टक्के उतरला आणि सेल, काच, चौकट स्वस्त झाल्याने खर्चही १० टक्के घटला असं धरा. विक्री ८००, खर्च ७६५, उरले ३५. यात व्याजच निघत नाही, मुद्दल तर दूरच. तुमच्या कंपनीचे आकडे घालून हा हिशेब करा आणि गेल्या पाच वर्षांतलं सर्वांत वाईट वर्षही तपासा.

बांधकामाधीन कारखान्याचं व्याज विसरणं
ही चूक सर्वांत महागात पडते. कारखाना उभा राहत असताना त्याच्या कर्जाचं व्याज नफा-तोटा पत्रकात येत नाही, ते मालमत्तेच्या किमतीत मिळवलं जातं. ६०० च्या कर्जावर ९ टक्क्यांनी वर्षाला ५४ व्याज लागतं, पण पत्रकात दिसतं शून्य. उत्पादन सुरू झालं की व्याज आणि घसारा दोन्ही एकदम अंगावर येतात, तेही यंत्रं अजून पूर्ण क्षमतेने चालत नसताना. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये भांडवलीकृत व्याजाचा आकडा सापडतो. तो नेहमीच्या व्याजात मिळवा आणि मगच नफा व्याजाच्या किती पट आहे ते काढा.

यंत्राच्या आयुष्यापेक्षा लांब कर्ज
यंत्र चालू असतं, पण त्यातून निघणाऱ्या मालाला गिऱ्हाईक नसतं. वेफर, म्हणजे ज्यापासून सोलर सेल बनतो ती सिलिकॉनची पातळ चकती, १५६ मिलिमीटरवरून १८२ आणि २१० मिलिमीटरवर गेला, तेव्हा छोट्या मापाच्या अनेक उत्पादन-लाइन कालबाह्य झाल्या. पर्क या जुन्या सेल तंत्रज्ञानाकडून टॉपकॉन या नव्याकडे जायचं तर बोरॉन डिफ्यूजन आणि पॉलिसिलिकॉन थराची नवी यंत्रं बसवावी लागतात. जुन्या लाइनचं कर्ज फिटण्याआधीच नव्या लाइनसाठी कर्ज काढावं लागलं, तर ती वाढ नव्हे. तो जागेवर टिकून राहण्याचा खर्च आहे.

सगळी रोकड मोकळी समजणं
निव्वळ कर्ज काढताना कर्जातून रोकड वजा करतात. पण त्यातली काही रक्कम बँक हमीसाठी तारण असते, तर काही रक्कम ग्राहकांनी आगाऊ दिलेली असते. या दोन्ही रकमा रोकडीतून बाजूला काढा. पुरवठादारांची देणी अचानक फुगली असतील तर तीही उधारीच आहे.

रूपांतरणीय रोख्यांकडे दुर्लक्ष
हे रोखे म्हणजे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज. शेअर चढला तर रोखेधारक शेअर घेतात आणि तुमचा हिस्सा पातळ होतो. शेअर पडला तर ते रोख पैसे मागतात. चीनच्या सनटेक या सोलर कंपनीला मार्च २०१३ मध्ये ५४.१ कोटी डॉलरचे असे रोखे फेडता आले नाहीत. जर्मनीच्या सोलरवर्ल्डच्या २०१३ च्या कर्ज-पुनर्रचनेत जुन्या भागधारकांकडे ५ टक्केच हिस्सा उरला, आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्जाची पुनर्रचना होते तेव्हा रांगेत भागधारक शेवटी उभा असतो.

बिनकर्जाचीच कंपनी चांगली मानणं
ही उलटी चूक. नवं तंत्रज्ञान घेतलंच नाही तर जुना माल तोट्यात विकावा लागतो. हाती पक्क्या ऑर्डरी असतील तर कर्ज रास्त ठरू शकतं. मात्र त्या ऑर्डरीत भाव ठरलेला आहे की बाजारावर सोडलेला, आणि ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर तो किती भरपाई देणार, ही दोन कलमं वाचल्याशिवाय ऑर्डर बुकचा आकडा कर्जासमोर ठेवू नका.