सांगलीहून किनाऱ्याची सहल : आधी तिथी पाहा, मग मुक्काम ठरवा

सांगलीहून कोकण किनाऱ्याची सहल आखताना बहुतेक जण आधी नकाशा उघडून किलोमीटर मोजू लागतात. देशावरच्या रस्त्यांना हे गणित लागू पडते, किनाऱ्याला पडत नाही. रत्नागिरी ते गुहागर हा किनारी टप्पा शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे, पण वाटेत जयगडची खाडी आडवी येते, रस्ता सतत चढतो-उतरतो आणि थांबण्यासारख्या जागा इतक्या आहेत की पूर्ण दिवस लागतो. पावसाळ्यात आपण घराबाहेर पडण्यापूर्वी आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे हे विचारतो, तशीच किनाऱ्यावर जाण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी आणि तिच्याभोवती बाकीचा दिवस बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ही वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. दिनदर्शिकेतल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा येते आणि तिच्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टकही पाहून घ्यावे.

मी हे शिकलो ते हेदवीला. तिथे उमामहेश्वराच्या मंदिराजवळ काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा ओहोटी होती, घळीच्या तळाशी थोडेसे पाणी हलत होते आणि मुलांना इतक्या लांब कशाला आणले हे मला सांगता येईना. पुढच्या खेपेस भरती गाठली. लाट चिरेत शिरली, आत दबली, खालून घुमल्यासारखा आवाज आला आणि क्षणभराने पाण्याचा पांढरा स्तंभ माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर उसळला. हे पाहायचे तर हेदवीला दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पूर्ण भरती असेल असा दिवस निवडावा. चतुर्थी त्या दृष्टीने नेमकी बसते, पण संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, वाटेतल्या गणपतीपुळ्याला फार गर्दी असते. त्यामुळे तृतीया किंवा पंचमी घ्यावी, हे माझे मत. घळीच्या कडेचा कातळ शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा लहान मुलांचा हात सोडू नये आणि फोटोसाठी काठावर उभे राहू नये.

दुसरा निर्णय दिशेचा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो आणि समुद्र पश्चिमेला आहे. म्हणून किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि थांबायचे झाल्यास समोरून येणाऱ्या वाहनांना आडवे जावे लागत नाही. यासाठी आंबा घाटाने उतरून कुंभार्ली घाटाने वर यावे. काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा उत्तम.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघून कोल्हापूर, मलकापूर, आंबा आणि साखरपा या मार्गाने रत्नागिरी गाठावी. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मलकापूरच्या पुढे सकाळी धुके असते, तिथे घाई करू नये. दुपारी थिबा राजवाडा पाहावा; ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत ठेवले होते आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. संध्याकाळ रत्नदुर्गावर घालवावी, कारण तिथून सूर्यास्त मोकळा दिसतो.

दुसरा दिवस या सहलीचा गाभा आहे. सातला निघून महामार्गाकडे न वळता आरे-वारेचा रस्ता धरावा. डोंगराच्या कडेने वर चढलेल्या या रस्त्यावरून दोन्ही पुळणी एका नजरेत येतात. गाडी वळणावर उभी न करता मोकळी जागा पाहून लावावी. गणपतीपुळ्याला दर्शन आणि टेकडीभोवतीची प्रदक्षिणा करावी, मात्र समुद्रात पोहायला उतरू नये. तिथले पाणी ओढ घेते आणि नदीत पोहायला शिकलेल्यांनाही ती ओढ लक्षात येत नाही. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे, तिथे अर्धा तास द्यावा. दुपारच्या जेवणाचे मात्र आदल्या संध्याकाळीच फोनवरून सांगून ठेवावे, कारण इकडच्या घरगुती खानावळींत किती पाने वाढायची ते कळल्यावरच नारळ खवला जातो आणि मासळी आणली जाते.

जयगडचा किल्ला पाहून बाराच्या सुमारास धक्क्यावर यावे. इथून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडीही चढते. बोटीचे लोखंडी तोंड धक्क्यावर टेकले की कामगार हाताने खुणा करतो. त्याच्याकडेच पाहत पहिल्या गिअरमध्ये गाडी सावकाश चढवावी, हँडब्रेक ओढावा आणि खाली उतरून कठड्यापाशी उभे राहावे. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. बोट बंद असली तर भातगावच्या पुलावरून गुहागरकडे जाता येते, पण त्या वळशात वेळ जातो आणि बामणघळीची भरती हुकते. तवसाळहून हेदवी जवळ आहे. घळ पाहून दशभुजा गणपतीचे दर्शन घ्यावे, वेळणेश्वराला थोडे थांबावे आणि सूर्य बुडण्याआधी गुहागरच्या सुरूच्या बनाशी पोहोचावे. गाडी वाळूवर नेण्याचा मोह टाळावा. ओल्या वाळूत चाक रुतले आणि भरती सुरू झाली, तर ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत येते. इंधन रत्नागिरीतच पूर्ण भरून घ्यावे आणि थोडी रोकड जवळ ठेवावी.

तिसऱ्या दिवशी चिपळूणमार्गे परतताना पोफळीपाशी थोडे थांबून मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला सोडून इथे वीज तयार केली जाते आणि ते पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. त्याच धरणातून पूर्वेकडे सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळून सांगलीत आपल्या घाटांपाशी येते. त्यानंतर कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण करत कराडच्या प्रीतिसंगमावर पोहोचले, की मुलांनी या पाण्याच्या दोन्ही वाटा पाहिलेल्या असतात. तिथून पेठ नाक्यावरून अंधार पडण्याआधी सांगली गाठता येते. दुसऱ्याच दिवशी गाडी खालून जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्यावी, कारण खाऱ्या हवेने आणि फेरीबोटीवरच्या पाण्याने पत्रा गंजतो.