रानहत्तींच्या सफारीला जाताना या चुका टाळा

२०२५ च्या सप्टेंबरात ओंकार नावाचा तरुण टस्कर दोडामार्गातून पेडणे तालुक्यात उतरला आणि मोपा-तांबोसे परिसरात वावरू लागला, तेव्हापासून रानहत्ती हा गोव्यात घरोघरच्या गप्पांचा विषय झाला आहे. त्याचा एक परिणाम असा की हत्ती पाहायला आता लांब कशाला जायचे, असे काही जण विचारू लागले. शेतात शिरलेला, हाकाटीने बिथरलेला एकटा नर पाहायला धावणे ही या लेखातली पहिली आणि सर्वांत धोक्याची चूक आहे. अशा वेळी वनखात्याच्या माणसांचे काम गर्दीमुळे अवघड होते, हत्तीला परतीची वाट मोकळी मिळत नाही आणि पिकाची नासाडीही वाढते. ज्याला हत्ती पाहायचा आहे, त्याने हत्तीच्या घरी जावे.

हे घर गोव्यात नाही. मोले येथील राष्ट्रीय उद्यानात गवे दिसतात, परंतु तेथे हत्तींचे कायमचे कळप नाहीत. आणि फोंड्याकडच्या मसाल्यांच्या बागांत पर्यटकांनी पाहिलेला हत्ती हा माहुताच्या हुकमातला, पाळीव हत्ती. दांडेलीच्या बाजूच्या काळी व्याघ्र प्रकल्पात हत्ती आहेत, पण ते थोडे, आणि दाट रानामुळे दिसायला कठीण. केवळ गोव्याहून जवळ म्हणून दांडेली निवडायची आणि हत्ती दिसला नाही म्हणून हिरमुसून परतायचे, हे वारंवार घडते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, विष्ठेतील डीएनएवर आधारलेल्या गणनेनुसार देशात सुमारे २२,४४६ रानहत्ती आहेत आणि त्यांतले ६,०१३ एकट्या कर्नाटकात. तरीही त्यांचा मोठा भाग राज्याच्या दक्षिण टोकाला, नागरहोळे, बंडीपूर आणि बिळीगिरीरंगन डोंगरांच्या पट्ट्यात आहे. मडगावहून तेथे पोहोचायला, मंगळुरूमार्गे जा किंवा हुबळी-म्हैसूरमार्गे जा, एक अख्खा दिवस प्रवासात जातो, हे आधीच धरून चालावे.

चुकीचा महिना

गोमंतकीय कुटुंबाची मोठी सहल बहुधा चवथीच्या सुट्टीत, दिवाळीत किंवा नाताळात ठरते. हत्तींच्या दृष्टीने यांतली चवथ सर्वांत वाईट. पावसात रानात जागोजागी पाणी आणि चारा असतो, त्यामुळे कळप पांगलेले असतात. गवत आणि झुडपे इतकी माजतात की वीस पावलांवरचा हत्तीही दिसत नाही, फक्त फांद्या मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

नागरहोळे आणि बंडीपूर यांच्या मधोमध कबिनी नदीवरच्या धरणाचा जलाशय पसरला आहे. धरण १९७४ मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते, आणि आतल्या रानातली तळी आटलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंचे कळप या काठावर उतरतात. मार्चपासून मेपर्यंत, पहिला जोरदार पाऊस पडेपर्यंत, एका नजरेत अनेक कळप दिसण्याची शक्यता येथे असते. ऊन कडक असते, धुळीने घसा कोरडा पडतो, रान हिरवेगार दिसत नाही आणि छायाचित्रे करडी येतात. हे सारे मान्य करून मी तरी एप्रिल-मेच निवडेन. नाताळात हवा सुखद असते, पण पाणी बहुधा काठोकाठ असते आणि काठावर चरायला जागाच उरलेली नसते.

याच कारणाने उन्हाळ्यात हत्तींसाठी दुपारची फेरी सकाळच्या फेरीपेक्षा बरी. ऊन कलल्यावर कळप पाण्यावर येतात. सकाळची फेरी वाघ-बिबट्यांच्या आशेने केली जाते आणि गाडीतल्या बाकीच्यांना तीच आशा असेल, तर चालक हत्तींपाशी फार वेळ थांबणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

चुकीचे प्रवेशद्वार

नागरहोळेचे आरक्षण करताना होणारा घोटाळा बहुतेकांना तेथे पोहोचल्यावरच कळतो. या उद्यानात सफारी एकाच ठिकाणाहून सुटत नाही. दम्मनकट्टे हे प्रवेशद्वार कबिनीच्या बाजूला आहे, नानाची कोडगूतल्या कुट्ट्याजवळ आहे आणि वीरनहोसहळ्ळी हुणसूरच्या बाजूला. नकाशावर ही नावे एकाच हिरव्या डागात दिसतात म्हणून राहण्याची सोय कुट्ट्याला आणि सफारी दम्मनकट्ट्याची, असे आरक्षण लोक करून बसतात. मग भल्या पहाटे रानाला वळसा घालून जावे लागते आणि रात्री बंद राहणारे जंगलातले रस्ते त्या वेळी उघडलेले नसतात. आधी प्रवेशद्वार ठरवावे, त्यानंतर मुक्काम.

वाहनाचीही निवड विचारपूर्वक करावी. मोठ्या सफारी बसमध्ये तिकीट स्वस्त असते, पण खिडकी मिळेलच असे नाही आणि पंचवीस माणसांची कुजबुजही गोंगाटासारखी होते. जीप महाग पडते, परंतु थांबण्याची मोकळीक असते. कबिनीला होडीची फेरीही मिळते आणि उन्हाळ्यात काठावरच्या कळपासाठी तिच्यासारखे साधन नाही, कारण पाण्याकडून येणाऱ्या होडीची हत्तींना सवय असते. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर हादरे देणाऱ्या जीपपेक्षा होडीच बरी. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केले, ते मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे.

आरक्षण झाले म्हणजे सफारी झालीच, असेही समजू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात वाघांच्या माणसांवरील हल्ल्यांनंतर बंडीपूर आणि नागरहोळे या दोन्ही ठिकाणच्या सफारी बंद करण्यात आल्या होत्या. वणव्याच्या दिवसांतही असे निर्णय अचानक होतात. रेल्वेचे तिकीट काढण्यापूर्वी आणि पुन्हा निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करून सफारी चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

समोरचा हत्ती काय सांगतो आहे

सर्वाधिक चुका येथे होतात, कारण हत्ती संथ आणि गरीब दिसतो. तो कान हलवतो ते बहुतेक वेळा अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी. कानांतल्या रक्तवाहिन्यांना वारा लागून रक्त थंड होते. त्यामुळे हलणारे कान पाहून घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे ते कान एकाएकी थांबले तर. चरणे थांबवून, कान डोक्यापासून ताठ काढून, सोंडेचे टोक आपल्या दिशेने वळवून हत्ती वास घेऊ लागला, शेपूट ताठ झाली, पुढच्या पायाने माती उकरून तो ती अंगावर उडवू लागला, तर त्याला आपली जवळीक नको आहे. चालकाने अशा वेळी गाडी मागे घेतली तर त्याला ‘अजून दोन मिनिटे’ म्हणून गळ घालू नये. त्याहून वाईट म्हणजे, जादा पैशांच्या आमिषाने गाडी पुढे घ्यायला लावणे.

सुळे नाहीत म्हणजे मादी, हा दुसरा सार्वत्रिक गैरसमज. आशियाई हत्तिणींना मोठे सुळे नसतात हे खरे, पण काही नरांनाही ते नसतात. त्यांना मखना म्हणतात. कळपापासून दूर एकटाच असलेला, सोंडेचे मूळ जाड आणि डोके अवजड असलेला बिनसुळ्यांचा हत्ती मखना असू शकतो. नर कोणताही असो, डोळा आणि कान यांच्या मधून गालावर ओघळणारा काळपट ओला पट्टा दिसला आणि मागचे पाय मूत्राने भिजलेले असले, तर तो माजावर आहे आणि त्याच्याबाबत कोणताही अंदाज धरता येत नाही.

पिल्लू असलेल्या कळपाने रस्ता ओलांडताना मधे गाडी घालू नये, हे चालकांना ठाऊक असते. प्रवाशांनी फक्त आरडाओरडा टाळायचा असतो. हत्तीची नजर मंद, पण नाक विलक्षण तीक्ष्ण असते, म्हणून अत्तर फवारून जाऊ नये. गाडीत उभे राहणे, दारावर थापटणे, फ्लॅश मारणे हे सारे अर्थातच वर्ज्य.

कळप शांत असेल, तर निरीक्षणाला पुष्कळ काही असते. हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी गवताचा झुपका मुळापासून सैल करते, सोंडेने उपटते आणि तोंडात घालण्यापूर्वी गुडघ्यावर दोन-तीनदा आपटून माती झाडते. हे पाहायला दुर्बीण लागते. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, आणि मोबाइलवर ठिपक्याएवढा हत्ती टिपण्यापेक्षा तिचा उपयोग कितीतरी अधिक आहे.

हत्ती दिसलाच नाही तर

एकाच फेरीवर सारी भिस्त ठेवली तर निराशेची शक्यता मोठी. किमान तीन फेऱ्या, त्यांतली एक होडीची, असे नियोजन असावे. रिकाम्या गेलेल्या फेरीतही खुणा वाचता येतात: ताजी लीद ओलसर आणि काळसर हिरवी असते, जुनी सुकून तंतुमय होते, झाडाच्या बुंध्यावर माणसाच्या डोक्याहून उंच चिखल माखलेला दिसला आणि तो ओला असला, तर कळप नुकताच तेथून गेला आहे. अशी खूण दिसल्यास चालकाला हळू आवाजात सांगून गाडी बंद करून थांबण्याची विनंती करावी. भटकण्यापेक्षा पाणवठ्यापाशी थांबणे बहुधा फळते.

परतीच्या रस्त्यावर

सफारी संपल्यावर सावधपणा सुटतो. बंडीपूरमधून उटीकडे आणि वायनाडकडे जाणाऱ्या महामार्गांवर हत्ती अगदी कडेला चरताना दिसतात आणि लोक स्वतःच्या गाड्या थांबवून खाली उतरतात. २०२५ च्या ऑगस्टात याच रस्त्यावर हत्तीसोबत छायाचित्र काढायला गेलेल्या एका माणसाला हत्तीने पाठलाग करून तुडवले. तो वाचला आणि वनखात्याने त्याला २५,००० रुपये दंडही केला. येथे गाडी थांबवणे आणि हत्तींना खायला घालणे, दोन्हींना मनाई आहे. हे महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत बंद असतात आणि नाक्यावर विनवण्या करून फाटक उघडत नाही. उटीहून म्हैसूरकडे परतताना उशीर होणार असे दिसले, तर वाटेत अडकण्यापेक्षा ती रात्र उटीतच काढून सकाळी निघावे.