वावरातून डिजिटल मोड : वाद काय आहे आणि आपलं स्टेशन चोख कसं ठेवायचं

भारतातल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, ४० मीटर बँडवर ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ एवढीच जागा मिळते. अमेरिकेत हाच बँड ७.३०० पर्यंत जातो. डिजिटल मोडवर, म्हणजे लॅपटॉपमधून मजकूर सिग्नल करून पाठवायच्या पद्धतींवर, बंधनं किती असावीत हा वाद मुख्यतः तिकडचा आहे. तो इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण आपल्या २०० किलोहर्ट्झमध्येच सीडब्ल्यू (मोर्स), सकाळची बोलती नेट (ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून बोलणं) आणि डिजिटल या सगळ्यांना सामावून घ्यावं लागतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने (तिकडचं दूरसंचार नियामक) एचएफवरची (लघुलहरींवरची) ३०० बॉडची, म्हणजे सेकंदाला ३०० चिन्हांची, जुनी मर्यादा काढली आणि त्याजागी २.८ किलोहर्ट्झ बँडविड्थची मर्यादा घातली. बाजूने बोलणारे म्हणतात, वेगवान मोडमध्ये निरोप लवकर संपतो आणि आपत्तीत रेडिओवरून ईमेल पाठवता येतो. विरोधकांचे आक्षेप दोन. आपोआप उत्तर देणारी स्टेशनं वारंवारता मोकळी आहे की नाही हे नीट न ऐकताच बोलू लागतात. आणि पॅक्टर ४ किंवा वारा (VARA) सारख्या वेगवान मोडमध्ये काय चाललंय हे तिसऱ्या माणसाला सहज उकलता येत नाही. अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करू नये, हा आयटीयूचा (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा) नियम तर सगळ्यांनाच लागू आहे.

आमच्या मते मोडचं नाव पाहून बंदी घालणं चूक आहे. सिग्नल किती रुंद आहे, खुर्चीत माणूस आहे का आणि ऐकणाऱ्याला संदेश वाचता येतो का, हे पाहावं. २.८ किलोहर्ट्झचे सिग्नल आपल्या ४० मीटरवर जेमतेम ७१ मावतात. एफटी-८ या अरुंद डिजिटल मोडचा एक सिग्नल फक्त ५० हर्ट्झ घेतो. खेड्यातून सुरुवात करणाऱ्याने एफटी-८ पासूनच करावी. त्यासाठीची मांडणी पुढे दिली आहे.

आधी परवाना काढून त्यावर कोणते उत्सर्जन प्रकार लिहिलेत ते वाचा. जे३ई म्हणजे एसएसबीवरचा (एकाच बाजूचा पट्टा पाठवायची पद्धत) आवाज, ए१ए म्हणजे सीडब्ल्यू. नुसतं एवढंच असेल तर डिजिटल पाठवू नका, ऐकायला मात्र हरकत नाही.

अँटेना साधा डायपोल (मधोमध जोडलेल्या दोन सारख्या तारा) पुरतो. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. एफटी-८ च्या ७.०७४ साठी एकूण २०.२ मीटर, म्हणजे एका बाजूला १०.१ येतात. तार १०.४ ची कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला याचं माप) बघत छाटा. दोन्हीकडून ५-५ सेंटीमीटर कमी केले की रेझोनन्स (अँटेना जिथे जुळतो ती वारंवारता) साधारण ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो. पीव्हीसी आवरणाची घरगुती वायर असेल तर शेवटी दोनेक टक्के आणखी आखूड भरते. उंची ७-८ मीटर ठेवा. दिवसा दोन-तीनशे किलोमीटरवर बोलायला ती चांगली, जास्त उंचीच्या मागे लागू नका. मृगाचे ढग दिसले की कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगमधून, म्हणजे रेडिओ संचातून, काढून घराबाहेर टाका.

खेड्यात गोंगाट कमी असेल असं वाटतं, पण आता वावरातही तो आहे. सौर पंपाचा कंट्रोलर दिवसभर रुंद घरघर सोडतो आणि ऊन उतरलं की थांबतो. रोही, रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन साधारण सेकंदाला एक 'टक्' देतं. पावसाळ्यात धुऱ्यावरचं गवत तारेला लागलं की तिथे ठिणगी पडते आणि तो आवाज वाढतो. खात्री करायची तर शेजाऱ्याला विनंती करून पाच मिनिटं मशीन बंद ठेवा आणि वॉटरफॉल (लॅपटॉपवर दिसणारं सिग्नलचं चित्र) पाहा. गवत कापणं, फुटका इन्सुलेटर बदलणं आणि अर्थिंग नीट करणं एवढ्यानेच बरंच काम होतं, शिवाय झटकाही नीट बसतो, म्हणून शेजारी नाही म्हणत नाही. सौर पंपाच्या बाबतीत अँटेना शक्य तितका दूर न्या आणि कोॲक्सचे ८-१० वेढे फेराइट कड्यावर घ्या.

रिग आणि लॅपटॉप जोडताना जुन्या रिगला आवाजाच्या दोन्ही वाटांवर ६००:६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीला (प्रसारण सुरू करणारी कळ) पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर लावा. नाहीतर ग्राउंड लूपचा गुणगुणाट तुमच्या सिग्नलसोबत हवेत जातो. रिगचा मोड यूएसबी (अपर साइडबँड) ठेवा. ४० मीटरवर आवाजासाठी एलएसबी (लोअर साइडबँड) लागतो म्हणून नवीन माणूस तोच ठेवतो आणि काहीच उकलत नाही.

घड्याळ दुरुस्त हवं. एफटी-८ चं एक सत्र १५ सेकंदांचं, त्यात १२.६४ सेकंद प्रसारण असतं. इंटरनेट नसेल तर यूएसबी जीपीएस लावा. एफटी-८ चं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स, त्यात डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकाना पाहा. सगळ्यांसमोर +१.४ च्या आसपास दिसत असेल तर तुमचं घड्याळ तेवढं पुढे आहे, वजा असेल तर मागे.

खरा घोळ आवाजाच्या पातळीत होतो आणि डिजिटलवाल्यांबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. रिगचा स्पीच कंप्रेसर बंद करा. प्रसारण सुरू करून लॅपटॉपचा आवाज कमी करत न्या. एएलसीचा (पातळी जास्त झाली की रिग ती आपोआप आवरते ती सोय) काटा हलायचा थांबला की तिथेच थांबा. काटा हलत असेल तर तुमचा ५० हर्ट्झचा सिग्नल फाटून दोन-तीन ठिकाणी दिसतो. ७०० हर्ट्झच्या टोनचे १४०० आणि २१०० वरचे हार्मोनिक एसएसबी फिल्टरमधून सहज निघून जातात. म्हणून डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंगमध्ये स्प्लिट 'रिग' किंवा 'फेक इट' ठेवा. मग टोन १५०० ते २००० मध्ये राहतो आणि त्याचे हार्मोनिक फिल्टर अडवतो. ऐकताना त्याच सॉफ्टवेअरचा मीटर बँडच्या नुसत्या गोंगाटावर ३० डीबीच्या आसपास असू द्या.

१०० वॅटची रिग २५ वॅटवरच चालवा. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, २० वरही हीट सिंकला हात लावून पाहावा. लाईन गेली तर हिशोब असा: २५ वॅटला साधारण १० अँपिअर, ऐकताना १ अँपिअर, आलटून-पालटून सरासरी ५. ४० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्मी वापरली तर चार तास.

हवेत जाण्याआधी दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. सम-विषम दोन्ही सत्रांमध्ये रिकामी दिसणारी जागा निवडा आणि 'होल्ड टीएक्स फ्रिक्वेन्सी' हा पर्याय लावा. वॉचडॉग बंद करू नका. माणूस उठून गेल्यावर सीक्यू (सगळ्यांना हाक) चालू राहू नये म्हणूनच तो आहे. जेवायला जाताना प्रसारण थांबवून जा. विनामाणसाच्या स्टेशनवर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं इथे पूर्ण बरोबर आहे.

आता रुंद मोड. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. तिथून नागपूर हवाई अंतराने अडीचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दिवसा ४० मीटरच्या डायपोलच्या टप्प्यात. औषधांची यादी एफटी-८ ने जात नाही. त्याच्या एका सत्रात तेरा अक्षरांचा मोकळा मजकूर बसतो. छोट्या निरोपाला जेएस८कॉल घ्या, तो ७.०७८ वर भेटतो. लांब यादीसाठी विनलिंक, म्हणजे रेडिओवरून ईमेल. त्यात वारा घेतलात तर आधी ५०० हर्ट्झचा पर्याय लावा आणि तो पुरत नसेल तरच २३०० वर जा. वारंवारतेवर आवाज, सीडब्ल्यू काही ऐकू आलं तर कॉल करू नका. एसएसबीवर कॉलसाइन सांगून 'वारंवारता वापरात आहे का' हे दोनदा विचारा, मगच जोडणी करा. काम झालं की लगेच तोडा आणि लॉगमध्ये यूटीसी वेळ, वारंवारता, मोड, वॅट लिहा. यूटीसी म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा.