युद्धाचा नाहीतर धर्माचा मेसेज व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की काय करायचं

आधी मेसेजच्या वर दोन बाण आहेत का बघा. असतील तर तो लय हातांतून फिरून आलाय, टाकणाऱ्या आबांनाही मूळ कोणाचा ते माहीत नसतं. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो, आणि साधं फॉरवर्ड पाचच चॅटला, हे पाचचं लिमिट भारतात २०१८ च्या जुलैत आलं. त्याच महिन्याच्या १ तारखेला आपल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते खान्देशातल्या माणसाने तरी विसरू नये भो. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी, भिक्षा मागणारी माणसं, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकली. पोरगं कोणाचंच पळवलेलं नव्हतं, मोबाईलवर नुसत्या अफवा फिरत होत्या.

मग व्हिडिओ तपासा. थांबवून स्क्रीनशॉट काढा, गुगल लेन्सला टाका, जुना असेल तर बऱ्याचदा तिथंच सापडतो. दुकानांच्या पाट्या कोणत्या भाषेतल्या, गाड्यांचे नंबर कुठले, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे की नाही हे पण बघा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी व्हिडिओ गेममधली विमानं खरी म्हणून फिरली आणि कराची बंदर उडवलं हे तर टीव्हीवाल्यांनीच सांगितलं, तेही खोटं निघालं. म्हणून टीव्हीवर आलं म्हणजे खरंच असं धरू नका.

खोटं निघालं तर ग्रुपवर सगळ्यांसमोर मोठ्या माणसाचा पाणउतारा करू नका, तो अजून हट्टाला पेटतो. पर्सनलला लिहा, "आबा राम राम, तुम्ही टाकलेला व्हिडिओ जुना निघाला, लिंक पाठवतो, ग्रुपवरून काढता का?" बहुतेक जण काढतात.

आता मत आणि चिथावणी वेगळी करा, सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. युद्ध नको होतं, शस्त्रसंधीची घाई झाली, सरकार चुकलं, आपल्याच धर्मातली अमुक रूढी घाण आहे, हे सगळं मत आहे आणि ते बोलायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिलाय. असं बोलणाऱ्याला देशद्रोही म्हणून ग्रुपमधून काढणं मला अजिबात पटत नाही, उत्तर द्या ना त्याला. पण "त्या गल्लीतल्यांना धडा शिकवा, संध्याकाळी जमा" हे मत नाही. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन पोस्टवरून अटक व्हायची ते कलम, रद्द करताना हाच फरक सांगितला, चर्चा करणं, बाजू मांडणं वेगळं आणि भडकवणं वेगळं. भडकवणाऱ्यासाठी न्याय संहितेत कलम १९६ आहे, मुद्दाम धर्माचा अपमान करणाऱ्याला २९९, अफवेला ३५३, तीनही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

अॅडमिन असाल तर चिथावणीचा आधी स्क्रीनशॉट घ्या मग डिलीट करा, आणि जमा व्हायची भाषा असेल तर पोलीस पाटलाला लगेच फोन लावा, सकाळची वाट बघू नका. मेंबरने टाकलेल्या मेसेजसाठी नुसता अॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, हे मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय, संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.

कायदा बाजूने असला तरी त्रास होऊ शकतो. पुण्याच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरीला मे २०२५ मध्ये एका पोस्टवरून, जी तिने लगेच काढली होती, जेलमध्ये जावं लागलं आणि हायकोर्टाने सरकारला झापून सोडवलं तेव्हा ती सुटली. तर पोलिसांचा फोन आला तर लेखी नोटीस मागा, फोन फॉरमॅट मारू नका, वकील सोबत न्या. पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० लावा, बायांना, आदिवासींना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो.