गल्लीतली कुत्री थंडीत व्याली तर काय करायचं

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढलीये त्यांना वेगळं सांगायला नको, आणि तिथल्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत कुत्र्या नेमक्या डिसेंबर-जानेवारीतच कुणाच्या तरी जिन्याखाली व्यालेल्या असतात.

जागा: खाली पुठ्ठा, वर कोरडं पोतं, वारा येतो त्या बाजूला फळी. झालं. दर तासाला पिल्लं मोजायला डोकावू नका, वैतागली की ती एकेकाला तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि ती जागा बहुतेक नालीच्या कडेलाच असते.

नाळ तोडणं, चाटून कोरडं करणं, पाजणं हे सगळं तिला येतं, मध्ये पडू नका. पिल्लांना पोटाखाली चाटत असते ना, त्याशिवाय पहिले 2-3 आठवडे त्यांना शी-शू होतच नाही.

तिच्यासाठी शेजारच्या काकू बाळंतिणीचा शिरा करतात, ठीक आहे, एक दिवस खाऊ दे, पण रोज अंडी, भात-चिकन आणि भरपूर पाणी हवं. पिल्लं 3-4 आठवड्यांची झाली की तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं.

आता खरी अडचण. सकाळी एक पिल्लू बाजूला पडलेलं दिसतं आणि सगळे म्हणतात, माणसाचा हात लागला म्हणून आईने टाकलं. काहीतरीच! पिल्लू गार पडलेलं असतं आणि गार पिल्लाला ती बरेचदा जवळ घेत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना कुडकुडताही येत नाही, ऊब फक्त आईची आणि भावंडांची, ढिगाऱ्यातून सुटलं की संपलं. त्याच्या तोंडात करंगळी घालून बघा, आतून गार लागलं तर समजा वेळ कमी आहे.

आणि इथे सगळे जे करतात ते मीही केलं होतं, ड्रॉपरने कोमट दूध. तासाभरात नाकातून दूध आलं, सकाळपर्यंत गेलं बिचारं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अंगाचं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच पडून राहतं आणि उलटून फुप्फुसात जातं. म्हणून आधी ऊब, दूध नंतर, याला अपवाद नाही.

ऊब हळूहळू द्यायची. स्वेटरच्या आत, अंगाशी धरून बसा, नाहीतर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि पिल्लाची कूस बदलत राहा. तास-दीड तास लागतो, घाई करू नका. हेअर ड्रायर नको, आणि बंद खोलीत सिगडी तर अजिबात नको, तुम्हीच गुदमराल. मध्ये हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब चोळा, बास. पिल्लू करंगळी चोखायला लागलं की आईच्या मागच्या आचळाशी लावा, गरम पिल्लू ती सहसा लगेच घेते, चाटायलाही लागते.

आई नसेलच तर पपीसाठीची दूध पावडर आणा, कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त फॅट आणि प्रोटीन असतं, पाणी घातलेल्या दुधाने काय होणार? पाजताना पिल्लू पोटावरच हवं, बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं.

दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात, तेव्हाच जंताचं औषध विचारून घ्या. लस दीड-दोन महिन्यांनी, आणि आईचं नसबंदीचं ऑपरेशन पिल्लांनी दूध सोडल्यावर, आधी नाही.