इंटर्नल ऑडिट करताना या चुका टाळा

ऑफिसात नवीन आर्टिकल, म्हणजे सीएचं शिकता शिकता काम करणारा मुलगा, रुजू झाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, मागच्या वर्षीची फाइल मिळेल का?" पहिला आठवडा मी ती देत नाही. फाइल हातात पडली की मुलं गेल्या वर्षीचेच मुद्दे शोधत फिरतात आणि यंदा जे नवीन घडतंय ते नजरेतून सुटतं. आधी प्लांट बघा, स्टोअरच्या माणसाशी बोला, मग फाइल.

कागद जुळले म्हणजे काम झालं असं समजणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यात भंगारविक्रीचं ऑडिट होतं. मुलांनी गेट रजिस्टर, वजनकाट्याच्या पावत्या आणि बिलं ताडून पाहिली. तीन महिन्यांत एकही तफावत नाही. मी पावत्यांचा गठ्ठा मागवला आणि एकाच ट्रकच्या पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या. भरलेल्या गाडीचं वजन दर वेळी वेगळं होतं. रिकाम्या गाडीचं मात्र प्रत्येक पावतीवर ६,८४० किलो. एका किलोचाही फरक नाही. डिझेलची टाकी कधी भरलेली असते, कधी तळाला गेलेली. पावसात ताडपत्री भिजते. कधी क्लीनर गाडीतच बसलेला असतो. रिकामा ट्रक रोज तेवढाच भरेल कसा?

काट्याच्या संगणकात ते वजन कायमचं साठवून ठेवलं होतं, गाडी रिकामी असताना कुणी तोलतच नव्हतं. पुढच्या खेपेला मी स्वतः काट्याजवळ उभा राहिलो आणि आत येणारी रिकामी गाडी तोलायला लावली. वजन निघालं ६,१२० किलो. रिकाम्या गाडीचं वजन जास्त धरलं की भंगाराचं वजन तेवढंच कमी दिसतं. म्हणजे खेपेमागे ७२० किलो भंगार फुकट बाहेर जात होतं. किलोला तीस रुपये धरले तरी एका खेपेचे २१,६०० रुपये. कागद जुळत होते, कारण तिन्हींवरचं वजन त्याच काट्यावरून उतरवलेलं होतं.

तेव्हापासून माझी सवय आहे: बाकीचे आकडे ज्या एका आकड्यावर अवलंबून असतात, तो जिथे तयार होतो तिथे मी स्वतः जातो. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा बाहेर आला, तेव्हाही मूळ दुखणं याच जातीचं निघालं. हमीचे संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशयंत्रणेवरून, जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबी यंत्रणेत, त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. जे कोअर बँकिंगमध्ये आलंच नाही, ते तिथल्या नोंदी कितीही तपासल्या तरी कसं सापडणार?

मसुदा मवाळ करू देणं

भंगाराचा मुद्दा मी रिपोर्टच्या मसुद्यात आकड्यांसकट लिहिला होता. कंपनीच्या फायनान्स खात्याकडून मसुदा परत आला तेव्हा तिथे एवढंच उरलं होतं: "भंगाराच्या वजनाच्या नोंदींमध्ये सुधारणेस वाव आहे." ६,८४० गेले, ६,१२० गेले, रुपयेही गेले. हे वाक्य वाचून ऑडिट कमिटीतला, म्हणजे ऑडिटचे रिपोर्ट बघणाऱ्या संचालकांच्या समितीतला, कुठला स्वतंत्र संचालक थांबून विचार करेल? मी आकडे परत घातले आणि व्यवस्थापनाचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत खाली छापलं. कमिटीच्या बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "हे किती वर्षं चाललंय?" रिपोर्ट लिहायचा तो हा प्रश्न विचारला जावा म्हणून.

शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीत इंटर्नल ऑडिटरने थेट ऑडिट कमिटीला रिपोर्ट करणं ही तरतूद ऐच्छिक यादीत ठेवली आहे. मला ते पटत नाही. ज्याच्या खात्याचं ऑडिट करायचं, त्याच्याच सहीने आमची फी निघत असेल तर मसुदे मवाळ होणारच. म्हणून मी नेमणुकीच्या पत्रातच लिहून घेतो की अंतिम रिपोर्ट व्यवस्थापन आणि ऑडिट कमिटी अशा दोघांकडे एकाच वेळी जाईल. यावर काही कामं हातची गेली, तरी मी अट सोडलेली नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात

नमुना क्लायंटला निवडू देऊ नका. "या पाच फाइली बघा" म्हटलं की सहावी मागा.

स्टॅच्युटरी ऑडिटरकडेच, म्हणजे कायद्याने सक्तीचं वार्षिक ऑडिट करणाऱ्याकडेच, इंटर्नल ऑडिट सोपवू नका. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ मध्ये त्याला मनाई आहे.

इंटर्नल ऑडिटर नेमायला लावणारं त्याच कायद्याचं कलम १३८ फक्त लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांसाठी आहे, हा गैरसमज. मागच्या वर्षी २०० कोटींची उलाढाल किंवा बँका-वित्तसंस्थांचं १०० कोटींचं कर्ज असेल, तर प्रायव्हेट कंपनीलाही इंटर्नल ऑडिटर नेमावा लागतो.

दुसऱ्या कंपनीची चेकलिस्ट नाव बदलून वापरू नका. घाईतल्या मुलांना हा शॉर्टकट फार आवडतो, आणि मग औषध कंपनीच्या रिपोर्टात साखर कारखान्याचे प्रश्न येतात.

आणि "कार्यवाही पूर्ण" अशा मेलवर मुद्दा बंद करू नका. त्या भंगाराच्या प्रकरणात साठवलेलं वजन काढून टाकल्याचा मेल स्क्रीनशॉटसह आला होता. चार महिन्यांनी मी न कळवता गेलो आणि काट्याच्या संगणकातली गाड्यांची यादी उघडायला लावली. ज्या ट्रकबद्दल आम्ही लिहिलं होतं, त्याच्यापुढचा रकाना रिकामा होता. आणखी दोन ट्रकांची वजनं जशीच्या तशी होती.